राखणदाराचा ओटा

देवावर आपला विश्वास नाही, हे मिताली कुणी न विचारताही सांगत असे. आईच्या सोमवारांची तिने पुण्याच्या घरात इतकी टर उडवली होती, की शेवटी आई तिच्यादेखत साबुदाणाही खाईनाशी झाली. अशी ही मुलगी पनवेलजवळच्या एका पाड्यात चक्क देव प्रकट करून बसली, याला काय म्हणावं? बरं, केलं तेही चांगल्यासाठी. वाईट हेतूने केलं असतं तर निदान शिव्या घालायला कुणीतरी सापडलं असतं.

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोडं आतल्या अंगाला एका मोठ्या वसाहतीचं काम चाललं होतं. पहिल्या टप्प्यातले टॉवर वर चढत होते, दुसऱ्या टप्प्याकडे जाणारा रस्ता अजून व्हायचा होता. मिताली तिथे पर्यावरण अधिकारी होती. परवानगीच्या अटींत असा एक माणूस ठेवावा लागतो, म्हणून कंपनीने तिला ठेवलं होतं. त्या माणसाने नेमकं काय करावं, याची अट मात्र कुणी घातली नव्हती. मग ती धुळीवर पाणी मारायला लावी, तोडायच्या झाडांवर खुणा करी, आणि कामगारांच्या झोपड्यांत साप निघाला की चिमटा घेऊन धावे. साप हाच तिचा खरा विषय. त्यात तिने एम.एस्सी. केलं होतं, आणि खांदा कॉलनीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीत सापांच्या चित्रांखेरीज भिंतीवर दुसरं काही नव्हतं.

मार्च सरता सरता तिला ती मादी दिसली. रस्ता जिथून जायचा होता त्या टेकाडावर जुन्या भातशेतीचा दगडी बांध उरला होता, आणि बांधाखाली साळिंदराने कधी काळी कोरलेलं लांबलचक बीळ. मितालीने पालथं पडून आत टॉर्च मारली. बीळ हातभर सरळ गेलं होतं, मग जरासं वळून आत लहानशा खोलीएवढी पोकळी झाली होती, आणि तिथे मांडीएवढ्या जाडीचा अजगर वेटोळं घालून बसलेला. वेटोळ्याच्या फटीतून पांढरी अंडी दिसत होती. अजगराची मादी अंडी घालून निघून जात नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत, म्हणजे दोन महिने तरी, ती त्यांच्याभोवती बसून राहते. खाण्याचंही नाव नाही.

त्या टेकाडावर मितालीने आजवर दोनच प्रकारचे अजगर पाहिले होते. एक डंपरखाली आलेले, दुसरे पोत्यात घातलेले. घर करून राहिलेला हा पहिलाच. भर उन्हात बांधावर बसून तिला रडू आलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

साइटचा मुख्य होता निनाद. माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसाशी भांडण नीट जमत नाही. त्याने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो पाहिले, "ब्युटिफुल," असंही म्हणाला.

"शिफ्ट करू या," तो म्हणाला. "मी कन्सल्टंटशी बोलतो. परमिशन मिळेल म्हणाला तो, आठवड्यात."

"अंडी हलवली की संपतात, निनाद. ती उचलताना जराशी फिरली तरी आतलं पिल्लू मरतं. आणि मादी परत त्यांच्यावर बसत नाही."

"सगळ्याच वेळी असं होतं का?"

"मी पाहिलंय तेवढ्या वेळी झालंय."

तिने पाहिलं होतं ते मागल्या वर्षी, दुसऱ्या एका साइटवर. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्र घालून अंडी नेली होती. मादीला डोंगरावर सोडलं. अंडी एकामागून एक काळी पडत गेली, आणि ती फोडून आत काय आहे ते बघायचं काम मितालीच्या वाट्याला आलं होतं. तो वास तिच्या नाकातून बरेच दिवस गेला नव्हता.

"मला जून मध्यापर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "तेवढ्यापुरता तो कोपरा सोड."

"जूनमध्ये पाऊस लागेल. मग रस्ता दिवाळीनंतर. तिकडे फेज टूची बुकिंग झालेली माणसं माझ्या नावाने ओरडतायत." त्याने खरोखरच वाईट वाटून मान हलवली. "नाही गं जमणार. खणायला पोकलेन परवा लागतोय."

ऑफिसची झाडलोट आणि चहा रंभामावशी बघायची. ती पाड्यातलीच. जिथून रस्ता जायचा होता ती जमीन एके काळी तिच्या सासऱ्यांची होती. जमीन विकून जमाना झाला, पैसे दिरांनी वाटून घेतले, आणि रंभामावशी आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या ऑफिसात फडकं मारायला लागली. याबद्दल तिची तक्रार नव्हती. निदान मितालीने तरी ती ऐकली नव्हती.

"काय झालं गो ताई? तोंड का असं उतरलंय? जेवली नाय काय?"

"मावशी, वरच्या बांधात अजगर आहे. अंड्यांवर बसलाय. परवा त्याच्यावरून मशीन जाणार."

रंभामावशीने किटली खाली ठेवली. "कंच्या बांदात? कोपऱ्यावरच्या?"

"हो. ते आंब्याचं खोड आहे ना, त्याच्याखाली."

"तिथं तं आमी राखन द्यायचो!"

मग तिने सांगितलं. शेताला एक राखणदार असतो. तो बांधात राहतो, पाणी सांभाळतो, रानडुकराला आत येऊ देत नाही, रातच्याला शेतात गेलेल्या माणसाला सुखरूप घरी धाडतो. भात घरी आलं की त्या कोपऱ्यावर नारळ फोडायचा, कोंबडा द्यायचा. दर साल. एकदाही चुकवायचं नाही.

"जमीन गेली, मंग राखन कोनाला द्यायची? सासरे बोल्ले, बंद करा आता. तो बी गेला असंल कुटं तरी. पन त्या दिशी म्हातारा जेवायचा नाय. मरेस्तोवर नाय जेवला कंदी त्या दिशी."

इथे मितालीने गप्प बसायला हवं होतं. पण परवा पोकलेन लागणार होता आणि तिच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं. बुडत्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो, तो दोर आहे की दुसऱ्याचा गळा हे बघायला त्याला सवड नसते.

"मावशी," ती म्हणाली, "तो गेलेला नाही. तोच आहे तो."

"तुला कसं ठावं?"

"माझा अभ्यासच आहे त्याचा."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून तिला ते बोलता आलं. रंभामावशी तशीच उठली, हातातलं फडकं कमरेला खोचलं आणि बांधाकडे निघाली. मितालीने तिला टॉर्च दिली, पालथं कसं पडायचं ते दाखवलं. बाई बराच वेळ आत बघत राहिली. उठली तेव्हा तिच्या कपाळाला माती लागली होती.

"म्हातारा फुकट उपाशी राहिला गो," ती म्हणाली. "हा इथंच व्हता."

दोन दिवसांनी पोकलेन आला तेव्हा त्याच्यापुढे सगळा पाडा बसलेला. पुढे बाया, मागे पुरुष, आणि सगळ्यांत पुढे रंभामावशीचा पुतण्या कुंदन. कुंदनचे दोन जेसीबी आणि एक टँकर याच साइटवर चालत होते, त्यामुळे कंपनीचं काम बंद पाडताना त्याचंही नुकसान होत होतं. पण गावकीत त्याचा आवाज मोठा होता, आणि पुढल्या निवडणुकीत तो आणखी मोठा व्हायचा होता.

"आमची जमीन घेतली, आमी काय बोल्लो नाय," कुंदन निनादला म्हणाला. "राखनदाराला हात लावाल तं मातूर बघा."

निनादने मितालीकडे पाहिलं. मिताली टॉवरकडे पाहत होती. जे काम तिच्या फोटोंना, अहवालाला आणि कायद्याच्या कलमांना जमलं नव्हतं, ते एका सकाळीत झालं. आठवड्याभरात नवा नकाशा आला आणि रस्ता वळण घेऊन बांधाच्या बाजूने गेला. त्या संध्याकाळी मितालीने पनवेलला जाऊन एकटीने मोठा आइस्क्रीमचा कप खाल्ला. इतका आनंद तिला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आता देव म्हटला की माणसं येणारच. पहिल्या दिवशी हळद-कुंकू आलं, दुसऱ्या दिवशी दुधाचा तांब्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बिळाच्या तोंडाशी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला आणि धूर आत जाऊ लागला. मिताली धावत गेली. पण धावत जाऊन सांगणार काय? अजगराला त्रास होतो, असं सांगितलं असतं तर लोक हसले असते. देवाला कसला आलाय त्रास! म्हणून मग तिने पुढचं खोटं सांगितलं.

"राखणदाराला धूर चालत नाही."

लोकांनी लगेच अगरबत्ती विझवली. तिची मतीच गुंग झाली. मग रोज एकेक नियम होत गेला. राखणदाराला दूध चालत नाही. ढोल चालत नाही. जवळ गेलेलं चालत नाही, तिने बांधून घेतलेल्या बांबूच्या कुंपणाअलीकडूनच हात जोडायचे. राखणदाराला एकांत लागतो. सगळे नियम पाड्याने निमूट पाळले, आणि एवढं सगळं ठाऊक असलेल्या या पुण्याच्या मुलीकडे लोक वेगळ्याच नजरेने पाहू लागले. एका म्हातारीने तिला सुनेला दिवस कधी जातील ते विचारलं. कुणीतरी हरवलेली म्हैस विचारली. मितालीला हसू यायचं. ती फोनवर मैत्रिणीला सांगायची, अगं मी भगत झालेय इथली! आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडूही लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कुणी ऐकत होतं.

दर एक-दोन दिवसांनी ती सगळे गेल्यावर आत टॉर्च मारून बघायची. मादी जागेवर. अंडी पांढरी, टवटवीत. काम होत होतं, मग खोट्याचं काय एवढं!

पण पाड्याबाहेर तिचे नियम कोण पाळणार? मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि पनवेल, कामोठे, कुठून कुठून पोरं मोटरसायकली घेऊन येऊ लागली. रंभामावशी काम सुटलं की तिथे जाऊन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची.

अक्षय तृतीयेला मितालीच्या चुलत बहिणीचं नाशिकला लग्न होतं. जाणं भाग होतं. निघताना ती रंभामावशीला म्हणाली, "मावशी, दोन दिवस नाहीये मी. तुमच्यावर सोपवून चाललेय. कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

"जा गो तू बिनघोर. मी हाय ना. जीव गेला तरी राखीन."

लग्न झकास झालं. मितालीने पुरणपोळी खाल्ली, आत्याच्या चौकशांना टोलवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून ती थेट साइटवर आली. गेटमधून वर बघताच तिला बांधाच्या कोपऱ्यावर भगवा कपडा दिसला. मांडव घातला होता. ती चालत निघाली आणि अर्ध्या वाटेवर पळायला लागली.

बांबूचं कुंपण गेलं होतं. बांधाचा तो कोपराच गेला होता. तिथे आता कमरेएवढा उंच, चौकोनी, गुळगुळीत घोटलेला सिमेंटचा ओटा होता. ओट्यावर झेंडूच्या माळा, मधोमध हळदीने काढलेला नाग. पंधरा-वीस माणसं भोवती उभी, आणि कुंदन कुणाला तरी मांडवाची दोरी आवळायला सांगत होता.

"या ताई, या!" तो खुशीत म्हणाला. "तुमचीच वाट बघत व्हतो."

"हे काय आहे?"

"ओटा बांदला राखनदाराला. गावकीनं ठरवलंच व्हतं, पन पावसाळ्यानंतर. परवा काकी रडत आली माज्याकडं. मोटरसायकलवाली पोरं आलती, बिळात काठ्या घालीत व्हती. काकी आडवी गेली तं तिला ढकललान. मी बोल्लो बास झालं. आता त्याला असा कोंदन करू का कोन हात लावनार नाय."

"पण हे... एका दिवसात?"

"नशीब ओ, नशीब! काल टॉवरचा स्लॅब भरला ना, शेवटची गाडी जास्तीची झाली. मिक्सर भरून माल उरला. परत न्यायचा तं ड्रममदे आवळून दगड व्हतो, ड्रायव्हर बोंबलाय लागला, कुटं ओतू, कुटं ओतू. एरवी त्या खड्ड्यात ओतून देतात. मी बोल्लो, आन इकडं! अक्षय तृतीया हाय, यापरीस मुहूर्त कंचा? फळ्या ठोकल्या आन भरला."

"आणि बीळ? कुंदन, बिळाचं काय केलंत?"

"वाट ठेवलीय ना देवाला! आमी काय येडे हाव?" त्याने ओट्याच्या पुढच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे संडासाला वापरतात तसला पांढरा पाइप बाहेर आला होता, आणि त्याच्या तोंडाभोवती कुणीतरी कुंकू लावलं होतं.

"आन चमत्कार सांगू?" कुंदन आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागला. "मला वाटलं, अर्ध्या गाडीत ओटा भरंल. माल ओततोय, ओततोय, पन वर येतच नाय! ड्रायव्हर बी घाबरला. अख्खी गाडी प्यायला देव, तवा कुटं ओटा भरला."

बायांनी हात जोडले. त्यांनी ही गोष्ट कालपासून कितीदा तरी ऐकली असणार, तरी पुन्हा जोडले.

मिताली पालथी पडली आणि पाइपात टॉर्च मारली. हातभर आत पाइप संपला होता. त्यापुढे राखाडी सिमेंट होतं, ओलसर, सपाट.

तिला बीळ पाठ होतं. माल पातळ असतो, पाणी जिथे जाईल तिथे तो जातो. तो सरळ गेला असणार, मग वळला असणार, मग त्या पोकळीत उतरून तळापासून वर चढत गेला असणार. आणि मादी बाहेर आली नसणार. कशाला येईल? वर फळ्या ठोकल्या, माणसं ओरडली, मिक्सर घरघरला, अंगावर थंड राड येऊ लागली, तरी ती वेटोळं अधिकच आवळून बसली असणार. साध्या धुराने त्रास होतो म्हणून जिच्यासाठी नियम केले, ती अशी मेली.

"फोडा हे," ती उठून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता फोडा."

कुणी हललं नाही.

"ताई, देवाचा ओटा हाय," कुंदन म्हणाला.

"देव नाहीये तो! अजगर आहे. मादी आहे, आत अंड्यांवर बसली होती. तुम्ही तिला जिवंत पुरलीत!"

"तुमीच तं बोल्लात, राखनदार हाय म्हनून. काकीला तुमीच सांगितलं."

"खोटं सांगितलं मी. रस्ता थांबावा म्हणून."

मितालीला वाटलं, आता कुणीतरी पहार आणायला धावेल. त्याऐवजी कुंदनचे डोळे बारीक झाले.

"अस्सं," तो म्हणाला. "म्हंजे तवा खरं बोल्लात आन आता कंपनीनं पढवून पाठवलंय. ओटा फोडा, रस्ता सरळ करा. हो ना?"

"नाही! कुंदन, शपथ..."

"कोनाची शपथ? देव तं नाय मानत तुमी."

मागे कुणीतरी हसलं. पण बाकीचे हसत नव्हते. ज्या माणसांनी तिच्या एका शब्दावर धूप विझवला होता, ढोल बंद केला होता, ती आता तिच्याकडे पोलिसाकडे बघावं तशी बघत होती. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलायला तोंड उघडलं तर एकाने ठेवू नये? पण तिने तरी कुठल्या तोंडाने रागवायचं!

ती निनादकडे गेली. तिने ब्रेकर मागितला, कामगार मागितले, शेवटी नुसती पहार मागितली. निनादने तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

"मिताली, मी देवाच्या ओट्याला ब्रेकर लावला तर संध्याकाळपर्यंत हे ऑफिस उरेल का? आणि समजा लावला. काल सकाळी भरलाय तो. आता दगड झालाय. आत काही जिवंत असेल का, तूच सांग. तू म्हण असेल, मी पोलिस बोलावून फोडतो."

तिला असेल म्हणता आलं नाही. हेच एक खोटं तिच्या तोंडून निघेना.

"आय अ‍ॅम सॉरी," निनाद म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. मग जरा वेळाने, संगणकाकडे बघत, "रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते बघ. नेस्ट जागेवरच ठेवलं, रस्ता वळवला, एवढं तर खरंच आहे ना."

मिताली उठून पुन्हा वर गेली. का गेली, ते तिला सांगता आलं नसतं. कुंदन आणि पुरुष पांगले होते. मांडवाखाली फक्त बाया होत्या, आणि ओट्याला टेकून रंभामावशी बसली होती. तिच्या कोपरावर मोठं खरचटलेलं होतं, पोरांनी ढकललं होतं तिथे. मघाच्या बोलाचालीच्या वेळी ती नव्हती, ऑफिसात केर काढत होती. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे.

"ये गो," ती म्हणाली. "बस. कुंदन बोल्ला, तू चिडलीस. नको चिडू. तू नव्हतीस, मंग मला काय सुचलं नाय. ती पोरं काठ्या घालीत व्हती, मी एकली कुटवर पुरी पडनार?"

मिताली तिच्याशेजारी बसली. तिला सांगायचं होतं. या बाईला तरी सगळं सांगायचं, पायांवर डोकं ठेवून सांगायचं, असं ठरवून ती वर चढली होती.

"हात लाव हितं," रंभामावशी म्हणाली आणि तिने मितालीचा हात धरून ओट्यावर ठेवला. "बघ. ऊब हाय. सकाळपासनं मांडवाची सावली हाय, ऊन लागलं नाय, तरी बघ कसा गरम हाय. सगळ्या बाया हात लावून गेल्या. आत बसलाय तो, अंडी उबवतोय."

ओटा खरंच गरम होता, ताप आलेल्या लेकराच्या अंगासारखा. सिमेंट आवळताना, घट्ट होताना तापतं. जितका थर जाड तितकं जास्त तापतं आणि जास्त वेळ तापतं, आणि इथे तर अख्खी गाडी आत गेली होती. मितालीला हे माहीत होतं. उद्या-परवा तो निवेल, हेही माहीत होतं. तिने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण वरून रंभामावशीचा हात होता, खरबरीत, फडक्याचा वास असलेला, आणि तो तिला उचलवेना.

कुंदनने जाताना बायांना बजावलं होतं, की ओट्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, नाहीतर तडे जातील. बायांनी तिथल्या तिथे त्याचं व्रत करून टाकलं होतं. रोज एका घराने अभिषेक घालायचा. आजचा पहिला मान रंभामावशीचा होता. तिने भरलेला तांब्या उचलला, आणि मग तो मितालीपुढे धरला.

"तू घाल. तुज्यामुळं सापडला तो. नायतर आमी त्याला गेलाच समजलो व्हतो."

मितालीने तांब्या घेतला. सगळ्या बाया बघत होत्या. तिने पाणी ओतलं. गरम सिमेंटने ते बघता बघता पिऊन टाकलं, हळदीचा नाग ओघळून खाली आला.

"ताई," रंभामावशीने हळूच विचारलं. तिची नजर मितालीच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "मी राखला ना नीट?"

"राखलात, मावशी," मिताली म्हणाली, आणि तिने दुसरा तांब्या भरून घेतला.